मायनं सोडलेलं दूध

माझ्या मायनं बारा वर्षं दूध घेतलं नाही. दही नाही, ताक नाही, चहातसुद्धा थेंब नाही. घरी म्हैस होती. तिची धार माय स्वतः काढायची, विरजण लावायची, लोणी कढवायची, आम्हाला सगळ्यांना वाढायची आणि स्वतः तिखटाच्या गोळ्याशी भाकरी खायची. हे माझ्यामुळं होतं. मी ते कुठल्याही दिवशी थांबवू शकलो असतो, दोन वाक्यं बोलायची होती फक्त. ती मी बोललो नाही. आता पन्नाशी उलटली, शाळेतून आल्यावर खुर्चीत बसलं की उठवत नाही, आणि गप्प राहायचाही कंटाळा आलाय. म्हणून लिहितो.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याकडचं, पैनगंगेच्या अलीकडचं. नदी ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आठवडी बाजारात जे समोर येईल ते. मी गावच्या मराठी शाळेत तात्पुरता मास्तर होतो, अजूनही आहे. तात्पुरता म्हणजे जूनमध्ये घेतात, एप्रिलमध्ये सोडतात, पुढच्या जूनला पुन्हा विचारतात. कायम व्हायचं तर भरतीची परीक्षा द्यावी लागे आणि तिच्यात तेलुगूचा एक पेपर असे. बोलायला मला तेलुगू येतं. लिहायला बसलो की हात थांबतो. त्या एका पेपरात मी दोनदा नापास झालो.

तिसऱ्यांदा अर्ज सुटले तेव्हा मायनं पांढरं सोडलं. आमच्याकडच्या बाया असं सोडतात. कुणाच्या लेकीचं लग्न जमत नाही, कुणाच्या सुनेला मूल राहत नाही, मग आपल्या आवडीची एखादी खायची वस्तू देवीपुढं सोडायची. काम झालं की ज्याच्यासाठी सोडली त्याच्या हातून पहिला घास घ्यायचा. शेजारच्या काकूंनी लेकीसाठी साखर सोडली होती, दीड वर्षात पोरगी नांदायला गेली आणि काकूंनी तिच्या हातून जिलबी खाल्ली. मायचा जीव दुधात. रात्रीची भाकरी ती दुधात कुस्करून खायची, लहानपणापासून. तेच सोडलं तिनं. देवीच्या ओट्यावर नारळ फोडून आली, पाय धुतले आणि मला म्हणाली, "तुयी नोकरी पक्की होईपर्यंत पांढरं बंद. आता तू तुयं पाय."

मी माझं पाहिलं ते असं. अर्ज भरायला आदिलाबादला गेलो. खिडकीपुढं रांग होती. रांगेत माझ्याच शाळेतून दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेली दोन मुलं उभी होती. त्यांनी नमस्कार केला, सर, तुम्हीपण का, असं म्हणाली. वाईट हेतू नव्हता त्यांचा. मी नाही म्हणालो, दुसऱ्या कामाला आलोय. रांगेतून बाहेर पडलो, दुपारपर्यंत बसस्टँडवर बसलो आणि घरी येऊन सांगितलं, भरला अर्ज. परीक्षेच्या दिवशीही सकाळी अंघोळ करून निघालो. मायनं कपाळाला कुंकू लावलं होतं. तो दिवस मी कुठं काढला ते आता नीट आठवत नाही. संध्याकाळच्या गाडीनं परतलो एवढं आठवतं, आणि मायनं विचारलं पेपर कसा होता, तर मी बरा होता म्हणालो.

निकाल लागायचाय, असं पहिले काही महिने चाललं. मग आमचं राज्य वेगळं झालं. सगळीकडच्या पाट्या नव्यानं रंगवल्या जात होत्या, कार्डं नव्यानं निघत होती, आणि कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, वाटण्या चालल्यात, होईल. मीही म्हणालो, फाईल वाटणीत अडकली. खोटं बोलायला मला तेव्हा जड गेलं नाही, कारण गावात अर्ध्या लोकांची खरोखरच कसली ना कसली कागदं फिरत होती. त्यांची फिरून आली. माझी कुठं नव्हतीच. पुढं जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. वांकिडीकडचे आमचे नातलग एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्याचे झाले. मी मायला सांगितलं, फाईल नव्या जिल्ह्याच्या गठ्ठ्यात गेली म्हणे.

माय धार काढत होती. ती मान न वळवता म्हणाली, "आपण तं जागच्या जागी हाओ. फाईलच काऊन हिंडून राह्यली?"

मी हसलो. तीही हसली. कुठल्या कचेरीनं माझं काही अडवलं नव्हतं हे इथं स्पष्ट लिहितो. जे अडलं ते माझ्यापाशी अडलं.

नंतर नंतर तर मला सांगावंही लागेना. घरात सगळ्यांना सवय झाली. सकाळी चार कप दुधाचा चहा आणि एक काळा. काळ्यात ती गूळ टाकायची. सणाला खीर झाली तर तिच्या ताटात गुळाचा खडा. माझी मुलं मोठी झाली, त्यांना आजी दूध पीत नाही एवढंच माहीत, का पीत नाही ते आजीच्या स्वभावात जमा झालेलं. मी ते रोज बघत होतो. बघून बघून डोळ्यांना काही होईनासं झालं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

तिची उंची कमी होतेय हे आधी बायकोच्या लक्षात आलं. लुगडं लोळायला लागलं होतं. माय ते वर खोचायची, पुन्हा खाली यायचं. फळीवरचा मिठाचा डबा तिच्या हाताला लागेना, तर बायकोनं फळी खाली घेतली. त्यावर घरात थट्टा झाली. मुलगा म्हणाला, आजी वापस लहान होऊन राह्यली. पाठीला बाक आला होता. कंबर दुखते म्हणायची, आणि आमच्याकडं साठीच्या पुढची कुठली बाई कंबर दुखत नाही म्हणते? कापूस वेचून वेचून असं होतंच, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही.

मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी तिनं म्हशीसाठी भिजवलेल्या सरकीच्या ढेपेची बादली उचलली. अर्धीच होती. वाकून उचलताना पाठीत काहीतरी कट् झालं, असं ती म्हणाली. पडली नाही, घसरली नाही. बादली खाली ठेवली, गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि बायकोला हाक मारली. नस चढली म्हणून पलीकडच्या गावचा एक माणूस तेल लावून गेला. लेप झाला, शेक झाला. वीस दिवस झाले तरी तिला कूस बदलता येईना, तेव्हा गाडी करून आदिलाबादला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तेलुगू. तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. मायला तेलुगू येत नाही, हिंदी तुटकी कळते, म्हणून मधे मी. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मणके एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखे दिसत होते. मधला एक डबा समोरून चेपलेला होता. खालचाही थोडा. खालचा जुना आहे, त्या म्हणाल्या, हा कधी मोडला ते तुम्हाला कळलंही नसेल.

मग त्यांनी मला समजावलं. हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं. जुनं रोज थोडं काढलं जातं, नवं रोज थोडं भरलं जातं. तरुणपणी भर जास्त पडते, तेव्हाची शिल्लक पुढं पुरवायची असते. वय वाढलं की काढणं जास्त आणि भरणं कमी. बाईची पाळी गेली की हे काढणं एकदम वेग घेतं. हाड बाहेरून तसंच दिसतं, आत जाळी होते. मोडेपर्यंत दुखत नाही, म्हणून कुणी दवाखान्यात येत नाही. पाळी कधी गेली, त्यांनी विचारलं. मायला हे विचारायची मला लाज वाटली, पण विचारलं. माय म्हणाली, पिशवी काढली तव्हापासून. ती चाळिशीच्या आत होती तेव्हा. रक्त फार जायचं म्हणून तालुक्याच्या एका डॉक्टरनं सगळं काढून टाकलं होतं, त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या तिघी-चौघींचं काढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं आणि थोडा वेळ पेन तसंच धरून राहिल्या.

मग म्हणाल्या, खाण्यात काय असतं? दूध, दही?

मी मायला विचारलं. माय म्हणाली, "सांग ना त्यायले, सोडेल हाय म्हून. तुयी फाईल आली की घेईन."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत होत्या. मी तेलुगूत म्हणालो, हिला आवडत नाही.

एवढंच. तीन शब्द. माय मान डोलवत होती, तिला वाटलं मी तिचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं बघून हसत तेलुगूतच म्हटलं, आवड नसली तरी औषध समजून घ्यायचं, अम्मा. दही घ्या, ताक घ्या, वाटीभर रोज. आणि मी मायला सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत म्हणतायत, गोळ्या देतील. दह्याचं मी सांगितलंच नाही. दोघींच्या मधे मी होतो आणि दोघींना माझ्यापुरतं तोडून तोडून देत होतो.

बाकीचं मात्र सगळं नीट सांगितलं. आठवड्यातून एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, तांब्याभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅल्शियमची वेगळी, जेवणाबरोबर. कोवळ्या उन्हात बसायचं. वाकून काही उचलायचं नाही, पण पडूनही राहायचं नाही, दुखणं कमी झालं की रोज चालायचं. काळा चहा कमी. तंबाखू बंद. यावर मायनं पहिल्यांदाच थेट डॉक्टरीणबाईंना मोडक्या हिंदीत सुनावलं की, दूध छोड्या, अब तंबाखू बी छोडूं तो जिऊं किसपे? डॉक्टरीणबाई हसल्या. मी हसू शकलो नाही.

परतताना गाडीत माय मागच्या सीटवर आडवी होती. प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. बेल्याचा रस्ता तेव्हा उखडलेला होता. मी खड्डे मोजायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

रात्री जेवणं झाल्यावर बायकोनं कागद वाचला. डॉक्टरीणबाईंनी खाण्याचंही लिहिलं होतं, त्यात दूध-दही सगळ्यांत वर. बायको म्हणाली, आता तरी माय ऐकतील का? मी म्हणालो, नाही ऐकणार. ती म्हणाली, मग तुमी त्या फाईलीचं एकदा जाऊन पाहून या ना, काय ते. तेव्हा मी तिला सांगितलं. फाईल नाही. अर्ज भरलाच नव्हता.

ती भांडी घासत होती. हात थांबले नाहीत तिचे. मग म्हणाली, "म्हंजे मीबी बारा वर्षं त्यायले काळा चा करून देत होती, अन् तुमी समोर बसून दुधाचा पेत होते."

ती म्हणाली, आता रडून काय उपयोग, रस्ता काढा. रस्ता तिनंच काढला. उद्या पेढे आणा, म्हणाली. सांगा, झाली ऑर्डर. कागद दाखवावा लागेल, मी म्हणालो. "त्यायले वाचता येते का?" ती म्हणाली. "कोन्ताबी दाखवा. बिचारी दूध तं पेईन."

बायको वाईट नाही. तिला सासूचं हाड वाचवायचं होतं, आणि मला वाचायचं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पेढे आणले.

माय खाटेवर टेकून बसली होती, पाठीमागं दोन उशा. मी बॉक्स उघडून तिच्यापुढं धरला आणि म्हणालो, माय, झालं काम. ऑर्डर निघाली.

तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग पेढ्यांकडं. हात पुढं केला नाही. "खरंच?" म्हणाली. मी हो म्हणालो. मग तिचा चेहरा असा झाला की तो मी लिहू शकणार नाही. कोणती शाळा, विचारलं. हीच, म्हणालो. ती म्हणाली, थांब, असं नाही खायचं, आधी देवीपुढं जायचं. बायकोला हाक मारली, हिरवं लुगडं काढ पेटीतलं. बायको म्हणाली, माय, बऱ्या झाल्यावर जाऊ. माय म्हणाली, बारा वर्षं थांबली, आता एक दिवस थांबत नाई. आणि खाटेच्या काठाला दोन्ही हात लावून ती उठायला लागली. डॉक्टरीणबाईंनी आधाराशिवाय उठायचं नाही म्हणून दोनदा बजावलं होतं. दुखून तिचे डोळे मिटले होते आणि तोंडावर हसू तसंच होतं.

मी तिचे खांदे धरले. म्हणालो, "माय, बस. नोकरी नाही लागली. मी अर्जच केला नव्हता."

ती बसली. पाय लोंबत होते, जमिनीला टेकत नव्हते. आधी त्या खाटेवरून तिचे पाय टेकायचे.

"कोन्ता अर्ज?"

"तिसऱ्या वेळचा. तू दूध सोडलं तेव्हाचा."

"अन् फाईल?"

"नव्हती."

बायको दारात हिरवं लुगडं घेऊन उभी होती. माय तिला म्हणाली, ठेव ते आत. म्हशीला पाणी पाजायची वेळ झाली होती, ती ओरडत होती. मला वाटलं माय मारेल, शिव्या देईल, रडेल. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्या रोज देवीले इचारत होती, माह्यं काऊन आयकत नाईस. तिच्यापाशी आयकाले होतंच काय?"

त्यानंतर ती माझ्याशी थेट बोललीच नाही. समोर असलो तरी बायकोला म्हणायची, त्याले सांग कडबा संपला.

बायकोनं दोन दिवसांनी वाटीत ताक नेलं. म्हणाली, माय, आता तं अडलं नाई ना काई, अर्जच नोता तं सोडणं कसलं? मायनं वाटी बाजूला सरकवली. खोटं तो बोलला, ती म्हणाली, म्या तं देवीपुढं खरंच बोलली होती ना. माह्या शब्दाले त्याचा अर्ज लागत नाई. बायकोनं समजावलं, काकूंनी, खरं काय ते माहीत नसताना, हाडांसाठी म्हणून समजावलं, देवीची पूजा करणाऱ्या गुरवानंही येऊन सांगितलं की दुखण्यात घेतलं तर देवीचा राग नाही होणार. माय म्हणाली, देवीच्या रागाचं नाई ते. मग कशाचं, ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं तेवढं एकच तिचं स्वतःचं उरलं होतं, आणि तेही मी सोडवून घ्यायला निघालो होतो.

मी एकटाच पुन्हा आदिलाबादला गेलो. डॉक्टरीणबाईंना सांगितलं की त्या दिवशी मी खोटं सांगितलं, तिला दूध फार आवडतं, आणि काय झालं ते सगळं. बाहेर पेशंट बसले होते, त्यांनी तरी ऐकून घेतलं. मी विचारलं, हे दुधामुळंच झालं का? त्या म्हणाल्या, एकट्या दुधानं मणका मोडत नाही. लवकर झालेलं ऑपरेशन आहे, वय आहे, अंगकाठी बारीक, तंबाखू आहे. किती वाटा कशाचा, हे कुणी सांगू शकणार नाही. पण दूध असतं तर बरं झालं असतं, हे त्यांनी लपवलं नाही. बसमध्ये मी पहिलं वाक्य धरून बसलो होतो. एकट्या दुधानं मोडत नाही. घर येईपर्यंत ते पुरलं नाही.

दूध नाही तर काय, ते त्यांनी लिहून दिलं. तीळ. नाचणी. शेवग्याचा पाला. हिरव्या भाज्या, डाळी, अंडी. आता गंमत बघा. आमच्याकडं नाचणी कुणी पेरत नाही, पण बाजारात तेलुगू बाया रागी म्हणून ती विकतात, आणि आमची माणसं ती ओलांडून पुढं जातात, ते त्यांचं धान्य म्हणून. शेवगा तर कुंपणाला होता. शेंगा आम्ही खायचो, पाला म्हशीपुढं टाकायचो. सोयाबीन पोत्यांनी पिकवायचो, एक दाणा चुलीवर चढत नसे. तीळ संक्रांतीला. पूर्वी ज्वारी तरी भरपूर व्हायची, पण सगळं रान कापसाखाली गेलं आणि संध्याकाळचा नुसता भात सुरू झाला. डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन मी घराभोवती फिरलो तेव्हा बरंचसं औषध अंगणातच उभं होतं. उशीर झाला होता, एवढंच.

हे रांधायचं काम मी घेतलं. बायको म्हणाली, तुमीच करा. सकाळी शाळेच्या आधी तीळ मंद भाजायचे, थोडं जवस, लसूण, तिखट, कुटून चटणी. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरायचा, वरणात टाकायचा. ज्वारीत तिसरा हिस्सा नाचणी मिसळून भाकरी. पहिल्या भाकऱ्या माझ्याकडून तव्यावर फाटल्या. माय त्या उलटसुलट करून बघायची, बायकोला म्हणायची, हे कोणी थापली, गवंड्यानं? आणि खायची. सगळं खायची. अंड्याला तिनं हात लावला नाही, ते माझं मलाच खावं लागलं. तंबाखू कमी केली, बंद नाही. काळा चहा एक वेळ केला. बाकी पांढरं सोडून तिनं काहीच नाकारलं नाही. माझ्या हातचं खाते आणि माझ्याशी बोलत नाही, याचं मला बरं वाटायचं की वाईट, ते कळायचं नाही. दमून जायचो. सकाळी चटणी, दिवसभर पोरं, संध्याकाळी तिला धरून अंगणात वीस फेऱ्या. फेऱ्या मारताना ती माझ्या मनगटाला धरायची, बोटांत बोटं द्यायची नाही.

वर्षभरानं पुन्हा तपासणी झाली. हाडं सुधारली नव्हती फारशी, पण आणखी ढासळलीही नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात एवढं थोपलं तरी चांगलं, असंच चालू ठेवा, आणि पडायला देऊ नका. गेलेली उंची येत नाही. मी मायला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, दह्याचंही. तिनं ऐकून घेतलं.

परवा सकाळी माय ओट्यावर उन्हात बसली होती. मी आत परातीशी होतो. काकू फाटकाशी आल्या. आमच्या घरचं त्यांना अर्धवट माहीत होतं, पुरतं कुणालाच नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, बाई, त्या मास्तराच्या फाईलीचं आलं का काई?

माझे हात पिठात थांबले. माय काहीतरी झाकून बोलेल असं वाटलं. गावात तिनं बारा वर्षं माझी बाजू लढवली होती.

"त्यानं अर्जच नोता केला," माय म्हणाली. आवाज नेहमीचा, बाजारभाव सांगावा तसा. "परीक्षेले भेला. मले खोटं सांगतलं."

आत मी आहे हे काकूंना दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, मग आता दूध?

"दूध नाई," माय म्हणाली. "तुह्या शेवग्याचा पाला देजो थोडा. आमच्याचा याने सारा ओरबाडला."

काकू पाला आणायला गेल्या. दुपारपर्यंत गावभर होणार होतं, पोरांच्या कानावर जाणार होतं, शाळेत जाणार होतं. मी तवा ठेवला. बाहेरून मायनं विचारलं, भाकरी झाली का. बायको तेव्हा नळावर गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, होतेय, पाच मिनिटं.